हिऱ्याची अंगठी घरच्या घरी धुणे कितपत सुरक्षित आहे?

प्रश्न (लातूर)

नमस्कार. अकरा वर्षांपूर्वी साखरपुड्यात मिळालेली अंगठी मी आजही रोज बोटात घालते. ती १८ कॅरेटच्या पांढऱ्या सोन्याची असून मध्ये २० सेंटचा एक हिरा आणि दोन्ही बाजूंना अगदी बारीक हिरे आहेत. भाकरीचे पीठ मळताना, भांडी घासताना, अंघोळ करताना ती हातातच असते. गेल्या वर्षभरात मधला हिरा धुरकट दिसू लागला आहे. उन्हात धरला तरी पूर्वीसारखा लखलखत नाही आणि मागच्या बाजूने पाहिल्यास तिथे पिवळसर पांढरा थर साचलेला दिसतो. आमच्याकडे वापराचे पाणी बोअरचे आहे आणि त्याचे क्षार नळाच्या तोटीवरही जमतात, त्यामुळे तो थर क्षारांचाच असावा असा माझा अंदाज आहे.

शेजारच्या काकू टूथपेस्टने घासायला सांगतात, बहीण खाण्याचा सोडा आणि लिंबू सुचवते, तर एका व्हिडिओमध्ये अमोनियाच्या पाण्यात अंगठी बुडवलेली दाखवली होती. तिघांचे तीन मार्ग ऐकून माझा गोंधळ उडाला आहे. माझ्याकडे आजेसासूबाईंची दुसरी एक अंगठीही आहे. ती निजामाच्या काळात हैदराबादेत घडवलेली असून तिच्यात पैलू न पाडलेले चपटे हिरे आणि मध्ये छोटा पाचू कोंदणात बसवलेला आहे, आणि मागची बाजू सोन्याने पूर्ण बंद आहे. पुढच्या महिन्यात दिरांचे लग्न आहे. दोन्ही अंगठ्या एकाच वाटीत घालून धुतल्या तर चालेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (जालना, दागिने घडवण्याच्या कामात तीस वर्षे)

ताई, आपण हात लावण्यापूर्वी विचारले हे फार चांगले केले, कारण आपल्या दोन अंगठ्या एका वाटीत जाण्याजोग्या नाहीत.

आधी आजेसासूबाईंच्या अंगठीविषयी सांगतो. तिला पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नका. मागून बंद असलेल्या जुन्या कोंदणात खड्याखाली चांदीचा चकचकीत पातळ पत्रा घातलेला असतो आणि पुष्कळदा आतली पोकळी लाखेने भरलेली असते. चपट्या हिऱ्याला जी चमक दिसते, ती बरीचशी त्या पत्र्यावरून परतणाऱ्या उजेडाची असते. कडेच्या केसाएवढ्या फटीतून पाणी एकदा आत गेले की ते बाहेर येत नाही, पत्रा काळा पडतो आणि हिरा कायमचा मंद दिसू लागतो. मग संपूर्ण कोंदण उकलून नवे करण्याखेरीज इलाज उरत नाही, आणि तसे काम करणारे जुने कारागीर आपल्या भागात आता मोजकेच राहिले आहेत. पाचूची गोष्टही तशीच नाजूक आहे. बहुतेक पाचूंमध्ये जन्मतः बारीक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून तेल मुरवण्याची पद्धत फार जुनी आहे. गरम पाण्याने आणि साबणाने ते तेल निघून जाते व भेगा उघड्या पडतात. ही अंगठी कोरड्या, मऊ, जुन्या सुती कापडाने हलक्या हाताने पुसावी. तेवढेच तिच्यासाठी पुरेसे आहे.

आता रोजच्या अंगठीकडे वळू. ती मागून उघडी आहे आणि तिच्यात फक्त हिरे आहेत, म्हणून ती घरी निश्चितपणे धुता येते. मात्र धुण्याआधी तिची तपासणी करावी. अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारावी. आतून बारीक खुळखुळ ऐकू आली तर कुठला तरी हिरा सैल झाला आहे असे समजावे. त्यानंतर हिऱ्याला धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नखांवरून सुती कापड किंवा पैठणीचा पदर अलगद फिरवावा. धागा अडकला तर ते नख झिजले आहे किंवा वर उचलले गेले आहे. यांपैकी काहीही आढळले तर अंगठी धुऊ नये, सराफाकडे न्यावी, कारण सैल हिऱ्याला कित्येकदा साचलेल्या मळानेच धरून ठेवलेले असते आणि मळ निघाला की हिराही निघतो. हे मी दुकानात अनेकदा पाहिले आहे.

तपासणीत सर्व ठीक असेल तर काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाटीत कोमट पाणी घ्यावे. बोट बुडवल्यावर सुखद वाटावे इतकेच ते गरम असावे. उकळते पाणी कधीही घेऊ नये. त्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि अंगठी वीस ते तीस मिनिटे भिजू द्यावी. अकरा वर्षांचा थर असेल तर पाणी बदलून पुन्हा तितकाच वेळ भिजवावे. भिजवण्यात कंजुषी केली की मग घासण्यात जोर लावावा लागतो, आणि नुकसान तिथेच होते. नंतर लहान मुलांच्या अगदी मऊ ब्रशने, शक्यतो नव्या ब्रशने, अंगठी उलटी धरून हिऱ्याच्या मागची बाजू आधी घासावी आणि मग वरची. लोक वरूनच घासतात आणि चमक आली नाही म्हणून निराश होतात. शेवटी स्वच्छ कोमट पाण्यात दोनदा खळबळून, तंतू न सुटणाऱ्या कापडाने टिपून, सुती कापडावर अर्धा तास कोरडी होऊ द्यावी.

हे सगळे मोरीवर किंवा बेसिनवर कधीही करू नये. टेबलावर जाड टॉवेल पसरून त्यावर वाटी ठेवावी आणि वाटीतले पाणी फेकण्यापूर्वी चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावे. लिक्विड नको असेल तर रिठे रात्रभर भिजवून, उकळून, गाळून घेतलेले पाणीही उत्तम चालते. आमच्या वडिलांच्या पेढीवर सोने रिठ्यानेच धुतले जात असे.

उत्तर (परभणी, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. त्यामागची कारणे थोडी उलगडून सांगतो, म्हणजे टूथपेस्ट आणि सोडा का नको हे आपोआप लक्षात येईल.

हिऱ्याचा एक विशेष गुण असा आहे की त्याचा पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतो आणि स्निग्ध पदार्थाला धरून ठेवतो. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथील खाणींमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच गुणाचा उपयोग करून घेतला गेला. खडकाचा चुरा पाण्यासह ग्रीस लावलेल्या कलत्या टेबलांवरून सोडला की माती आणि दगड वाहून जात व हिरे ग्रीसला चिकटून राहत. आपल्या बोटातला हिराही हेच करत असतो. हाताची क्रीम, फोडणीचे तेल, तूप, त्वचेचा स्वाभाविक स्निग्धपणा हे सर्व तो ओढून घेतो आणि मग त्या थरावर ज्वारीचे पीठ व हळद बसते. हिऱ्याची चमक वरून शिरलेला प्रकाश मागच्या पैलूंवरून परत फिरण्यावर अवलंबून असते. मागे तेलकट थर बसला की काही प्रकाश तिथूनच निसटतो आणि हिरा काचेच्या तुकड्यासारखा दिसतो. म्हणजे आपल्याला कठीण काही खरवडायचे नाही, केवळ तेल सोडवायचे आहे. ते काम साबणासारख्या द्रव्याचे आहे.

बोअरच्या पाण्याचा आपला अंदाज मात्र अर्धाच बरोबर आहे. मराठवाड्यातील पुष्कळ बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, आणि अशा जड पाण्यात अंघोळीचा साबण वापरला की फेसाऐवजी चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच हा साका, आणि अंगठी घालून अंघोळ केल्यास तो हिऱ्याच्या मागे जाऊन बसतो. म्हणून अंगठी अंघोळीच्या वडीने धुऊ नये. भांड्यांच्या लिक्विडला जड पाण्याचा तेवढा त्रास होत नाही. भिजवण्यासाठी आणि विशेषतः शेवटच्या खळबळण्यासाठी फिल्टरचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे, म्हणजे वाळल्यावर डाग उरणार नाहीत.

टूथपेस्टविषयी लोकांचा तर्क असा असतो की हिरा सर्वांत कठीण आहे, मग त्याला काय होणार? हिऱ्याला काही होत नाही हे खरेच आहे. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १० वर आहे, पण सोने ३ च्या आसपासच आहे. दात घासण्याच्या पेस्टमध्ये झीज करणारी बारीक पूड असते. ती सोन्यावर ओरखडे काढते आणि शिवाय नखांच्या सांदीत पांढरी होऊन अडकून बसते. सोड्याच्या कणांनी घासण्यावरही माझा हाच आक्षेप आहे. लिंबू तांब्या-पितळेच्या भांड्यांना योग्य आहे. तेलकट थरावर त्याचा फारसा उपयोग नाही आणि मोती, पोवळे यांसारख्या खड्यांना तर ते खाऊन टाकते.

अमोनियाच्या सौम्य पाण्याने साध्या हिऱ्याला वा सोन्याला सहसा धोका नसतो, तरीही मी ते घरात वापरण्याचा सल्ला देणार नाही. त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला त्रासदायक असते, आणि स्वयंपाकघरात कुठे ब्लीच असेल व चुकून दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू निर्माण होतो. अंगठीसाठी एवढा धोका पत्करण्याचे कारण नाही, विशेषतः साबणाचे पाणी तेच काम करत असताना.

खरा शत्रू क्लोरीन आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून आवर्जून लिहितो. आपल्याकडे पाणी टाकीत साठवावे लागते, टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली जाते, फरशीवरही तीच टाकली जाते. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोने. उरलेले इतर धातू असतात आणि पांढऱ्या सोन्यात बहुधा निकेल किंवा पॅलेडियम मिसळलेले असते. क्लोरीन या मिश्रधातूवर हल्ला करते, आणि वाकवून ताणलेल्या बारीक नखांवर तो सर्वांत आधी होतो. नखे आतून ठिसूळ होतात, वरून काहीच दिसत नाही, आणि एके दिवशी हलक्या धक्क्याने ती तुटतात. टाकी धुताना, कपड्यांना ब्लीच लावताना आणि जलतरण तलावात उतरताना अंगठी काढलीच पाहिजे.

उत्तर (बीड)

माझा अनुभव थोडक्यात सांगते. मी ऑनलाइन मागवलेल्या, ध्वनिलहरींनी पाण्याला कंप देणाऱ्या छोट्या यंत्रात माझी बारीक हिऱ्यांची अंगठी ठेवली. तिची तपासणी आधी करायची असते हे मला ठाऊक नव्हते. पाच मिनिटांनी अंगठी चमकत बाहेर आली, पण एक हिरा जागेवर नव्हता, आणि पाणी मी तोपर्यंत मोरीत ओतून टाकले होते. ती माझ्या आईने दिलेली अंगठी होती. सराफाने नंतर सांगितले की नख आधीच उचललेले होते आणि कंपाने हिरा निघाला. भेगा काचेसारख्या द्रव्याने भरलेले हिरेही त्या यंत्रात घालू नयेत, असे त्यांनी बजावले.

आणखी एक विनंती आहे. दारावर येऊन "दागिने चकचकीत करून देतो" म्हणणाऱ्यांच्या हाती अंगठी देऊ नका. त्यांच्या वाटीत आम्ल असते आणि दागिना उजळतो तो त्याचे सोने विरघळवून. आमच्या गल्लीतील एका आजींच्या बांगड्यांचे वजन असेच घटले.

प्रश्नकर्तीचे उत्तर (लातूर)

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे पैठणीचा पदर फिरवला तेव्हा मधल्या हिऱ्याच्या एका नखात जरीचा धागा अडकला, म्हणून अंगठी भिजवलीच नाही. कानाजवळ धरल्यावर आवाज आला नाही, तरी जोखीम घ्यावीशी वाटली नाही. आजेसासूबाईंची अंगठी कोरड्या कापडाने पुसून ठेवली आहे. मात्र एक शंका उरते: रोजच्या अंगठीचे सोनेही खालच्या बाजूने पिवळट झाले आहे. हा मळ आहे की धातूच खराब झाला आहे?

उत्तर (जालना)

ताई, तो मळ नाही आणि खराबीही नाही. पांढरे सोने मुळात किंचित पिवळट किंवा करडे असते आणि त्यावर ऱ्होडियम या धातूचा शुभ्र मुलामा चढवलेला असतो. तळहाताच्या बाजूने तो आधी झिजतो. कितीही धुतले तरी ती पिवळट छटा जाणार नाही, म्हणून ती काढण्यासाठी घासत बसू नका. नख दुरुस्त करताना नवा मुलामाही चढवून घ्यावा, आणि क्रम मात्र हाच असावा: आधी नख, मग धुलाई, मग मुलामा. अंगठी देताना तिचे वजन आपल्यासमोर करून घ्या, हिऱ्यांची संख्या मोजून पावतीवर लिहून घ्या आणि परत घेताना दोन्ही पुन्हा पडताळा. चांगल्या सराफाला यात काही वावगे वाटत नाही.

परत आल्यावर ती आजेसासूबाईंच्या अंगठीसोबत एकाच डबीत ठेवू नका. हिरा हा पाचूलाही ओरखडतो आणि सोन्यालाही, त्यामुळे दोघींना वेगवेगळ्या मऊ कापडात गुंडाळून ठेवावे.