ऑनलाइन बोर्ड मिटिंगमधलं मतदान प्रोसिडिंगमध्ये कसं लिहायचं? अंगठ्याची इमोजी मत धरायची का?

तूरवाला_घाटंजी:
नमस्कार मंडळी. मी इकडं यवतमाळ जिल्ह्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचा सीईओ आहे, म्हणजे नावाला सीईओ, बारदाना मोजण्यापासून प्रोसिडिंग लिहिण्यापर्यंत सगळं मीच. आमचे संचालक ९. परवा सोयाबीन काढणीची धावपळ, कोणी यायला तयार नाही म्हणून गूगल मीटवर मिटिंग घेतली. विषय एकच, डाळ मिलसाठी बँकेचं कर्ज काढायचं की नाही. आता झालं असं की अध्यक्ष आणि दोघं जण तोंडानं "हो" म्हणाले, एक काका स्पष्ट "नाही" म्हणाले, आधी गोदामाचं भाडं तर निघू द्या म्हणे, एकानं नुसता चॅटमध्ये अंगठा टाकला, एका ताईंचे मालकच मधात बोलले "आमचं हो धरा", दोघं मत द्यायच्या आधीच रेंजमधून गेले, त्यातल्या एकानं नंतर मला फोन करून हो सांगितलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहिलं की माझा विरोध आहे. नववे आलेच नाहीत. अध्यक्ष म्हणतात डोकं नको खाऊ, "सर्वानुमते मंजूर" लिही, सूचक अनुमोदक टाक आणि मोकळा हो. पण काका म्हणतात माझं नाव विरोधात दिसलंच पाहिजे. काय लिहू?

भोकरबोंड:
भाऊ मले तं हसू आलं अंगठा वाचून 😄 आमच्या सोसायटीत तं जन्मापासून एकच वाक्य हाय, "चर्चेअंती सर्वानुमते". मंग त्या मिटिंगमधी खुर्च्या फेकल्या असन तरी सर्वानुमतेच. काहून एवढा ताण घेतो? आन् गूगल मीटची रेंज नसन तं साधा कॉन्फरन्स कॉल लाव, आवाज तरी येते सगळ्याइचा.

संत्री_आणि_हिशोब:
भोकरबोंड भाऊ सोसायटीचं सोडा, ही कंपनी आहे, इथं तसं चालत नाही. मी अमरावतीत एका सीएसकडं (कंपनी सेक्रेटरीकडं) काम करते, आमच्याकडं अशा शेतकरी कंपन्यांच्या फायली येत असतात म्हणून लिहिते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ मध्ये सरळ लिहिलंय की बोर्डाच्या इतिवृत्तात, म्हणजे तुमच्या प्रोसिडिंगमध्ये किंवा मिनिट्समध्ये, हजर संचालकांची नावं हवीत आणि प्रत्येक ठरावाला ज्यानं विरोध केला किंवा सहमती दिली नाही त्याचंही नाव हवं. म्हणजे काकांचं नाव लिहिणं ही काही काकांवर मेहेरबानी नाही, ते लिहावंच लागतं. कर्ज उद्या थकलं तर "मी नाही म्हणालो होतो" हे त्यांना कुठं दाखवता येईल, ह्याच कागदावर ना. आणि मिनिट्समध्ये खाडाखोड केल्याचं सिद्ध झालं तर २ वर्षांपर्यंत कैद आहे, ते अध्यक्षांना चहा पिताना सांगा.

आता व्हिडिओ मिटिंगचं. बोर्ड मिटिंगचे २०१४ चे नियम आहेत, त्यातल्या ३ नंबरच्या नियमात सुरुवातीलाच अध्यक्षांनी हजेरी घ्यायची असते, प्रत्येकानं आपलं नाव, कुठून बसलोय ते, अजेंडा मिळाला का आणि आपल्याजवळ दुसरं कोणी मिटिंग ऐकत नाही ना, हे बोलून सांगायचं. ठरावाला कोणी हरकत घेतली आणि मतदानाची वेळ आली की परत एकेकाचं नाव पुकारायचं आणि ज्यानं त्यानं स्वतःची ओळख देऊन मत द्यायचं. शेवटी अध्यक्षांनी निर्णय काय झाला आणि विरोधात कोण, हे नावासकट जाहीर करायचं. अंगठा ह्यात कुठंच बसत नाही. अंगठा टाकणाऱ्याला तिथल्या तिथं "भाऊ माइक चालू करा आणि बोला" म्हणायचं होतं.

साधा कॉल पण नको. नियमात आवाज आणि चित्र दोन्हीची सोय म्हटलीय, आणि सगळ्यांना मध्ये कोणी मध्यस्थ न ठेवता एकमेकांशी बोलता आलं पाहिजे. म्हणून तुम्हाला नंतर फोनवर मिळालेला "हो" पण गेला, तो तुम्हाला मिळाला, बोर्डाला नाही.

तूरवाला_घाटंजी:
ताई खूप आभार. मग व्हॉट्सअॅपवाल्याचा विरोध? आणि मालक बोलले ते?

जवसाची_चटणी:
मालकांचं मी सांगते, मी स्वतः एका कंपनीत संचालक आहे. पहिल्या दोन मिटिंगा माझ्याही घरी हेच, फोन ह्यांच्या हातात आणि मी चुलीपाशी. ते मध्यस्थच झाले ना. एकदा आमच्या अध्यक्षांनी सरळ म्हटलं, ताई दिसत नाहीत तोवर पुढचा विषय नाही, आणि तीन मिनिटं सगळे गप्प बसून राहिले. तेव्हापासून मी फोन घेऊन शाळेच्या ओट्यावर जाते, तिथं रेंज पण चांगली. दादा तुम्ही त्या ताईंचं मत "हो" लिहू नका, "मत नोंदवलं नाही" लिहा, पण त्यांना एकदा एकटीला विचारा हो. माझ्या बाबतीत मला डाळ मिल नकोच होती.

संत्री_आणि_हिशोब:
जवसाची चटणी ताई 🙏 अगदी.

व्हॉट्सअॅपचं असं की मिटिंग संपल्यावर आलेलं मत त्या मिटिंगचं मत होत नाही. कलम १७५ मध्ये फिरता ठराव आहे, मसुदा सगळ्या संचालकांना पाठवायचा, मेलवर चालतो, बहुमतानं पास होतो आणि पुढच्या मिटिंगच्या मिनिट्समध्ये नोंद घ्यायची. पण तुमचा विषय कर्जाचा आहे, कर्ज काढायचा निर्णय कलम १७९ प्रमाणे मिटिंगमध्येच घ्यावा लागतो, फिरत्या ठरावानं नाही. म्हणून मी तुमच्या जागी असते तर जे घडलं ते तसंच लिहिलं असतं, बाजूनं ३ नावं, विरोधात १ नाव, दोघांचं मत नोंदवलं गेलं नाही, दोघं मतदानाआधी संपर्काबाहेर, एक गैरहजर. कोरम (मिटिंगला लागणारी किमान हजेरी) तुमचा आहे, उत्पादक कंपनीला एक तृतीयांश आणि किमान ३ लागतात, मतदानाच्या वेळी ६ जण होते. पण ३ विरुद्ध १ वर ९ जणांच्या कंपनीचं कर्ज उचलणं मला पटत नाही, ७ दिवसांची नोटीस काढा आणि पुन्हा विषय घ्या. ह्या मिटिंगच्या मिनिट्सचा मसुदा मात्र १५ दिवसांत सगळ्यांना पाठवा, त्यांना ७ दिवस असतात दुरुस्ती सांगायला. आणि रेकॉर्डिंग पुसू नका, त्या वर्षाचं ऑडिट होईपर्यंत ते ठेवायचं असतं.

तूरवाला_घाटंजी:
रेकॉर्डिंग केलंच नाही ताई, फोनमध्ये जागा नव्हती, लग्नाचे व्हिडिओ भरलेत.

भोकरबोंड:
😂😂 मंग आता लग्नाचे डिलीट कर बाप्पा, आन् घरी कोणाले सांगू नको

तूरवाला_घाटंजी:
अपडेट. अध्यक्षांना मसुदा वाचून दाखवला, आधी चिडले, मग म्हणाले "सर्वानुमते" खोडून नावं टाक. पुढची मिटिंग ऑफलाइनच ठेवलीय, देवळाच्या सभामंडपात, काढणी आटोपल्यावर. त्या ताईंना फोन केला होता. मालकांनी उचलला.