झोकांडी खाल्ली की झुकांडी दिली?

कोपरापासून: आमच्या फिल्म क्लबात 1978 चा 'ड्रंकन मास्टर' दाखवतोय. हाँगकाँगचा, तरुण जॅकी चॅन, दिग्दर्शक युएन वू-पिंग. पानभर ओळख मराठीत लिहायची आहे आणि दोन ठिकाणी गाडी अडलीय. मारामारीच्या 'कोरिओग्राफी'ला काय म्हणू? 'नृत्यदिग्दर्शन' म्हटलं तर लोक गाण्याची वाट बघत बसतील. आणि त्यातल्या 'झुई च्युआन'ला, म्हणजे दारू प्यायल्यासारखं डोलत लढायच्या पद्धतीला, मी 'मद्यमुष्टी' लिहिलं, तर बायको म्हणाली, काढ्याचं नाव वाटतंय.

बोरकूट: वहिनींशी सहमत. शिवाय त्यात मूठ असते कुठे? बोटं अर्धवट वळलेली, हातात पेला धरल्यासारखी. 'च्युआन' म्हणजे मूठ खरी, पण लढायच्या पद्धतीलाही तेच म्हणतात. सरळ 'झोकांडी' घ्या. विषय संपला.

सातबारा: कुठला संपतोय! आमच्याकडे 'झुकांडी' म्हणतात.

बोरकूट: ते वेगळं. झोकांडी खातात, झुकांडी देतात. पहिलीत आपला तोल जातो, दुसरीत समोरच्याला हुलकावणी.

सातबारा: माझी आजी दारात उभी राहून म्हणायची, "आला बघ झुकांड्या खात." ती काय चुकीचं मराठी बोलायची?

दुपारचा_चहा: अहो, सिनेमात दोन्ही एकदमच आहे की! समोरच्याला वाटतं गडी झोकांडी खातोय, आणि हा देत असतो झुकांडी. शेवटची मारामारी आठवा. समोर ह्वांग जांग-ली, ज्याच्या लाथा बघूनच आपली बरगडी दुखते. या पद्धतीचे डाव दारूबाज आठ देवांच्या नावाचे, त्यांपैकी सातांचे जॅकी शिकलाय. आठवी हो श्येन-कू, तिचा डाव बायकी म्हणून त्याने टाळलेला. ऐन वेळी गुरूपुढे कबुली द्यावी लागते. मग सातांची मिसळ करून स्वतःचाच आठवा डाव काढतो आणि ठुमकत, मुरडत मारतो. मी तेवढा भाग किती वेळा पाहिलाय, सांगत नाही.

शुद्धमती: दोन्ही शब्द 'झुकणे'वरून आलेले दिसतात आणि 'झुकणे' हिंदी. मराठीत 'वाकणे' असताना उसनवारी कशाला?

बोरकूट: मग 'झुकतं माप'ला 'वाकतं माप' म्हणणार का? माझ्या मते मूळ 'झोक'. पतंगाचा झोक, झोपाळ्याचा झोका.

मातीतला: कोरिओग्राफीला 'तालीम' चालेल. कुस्तीची तालीम असते, नाटकाचीही असते. जॅकी लहानपणी हाँगकाँगमध्ये यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत होता. गाणं, कोलांट्या आणि छडी, सगळं एकाच छपराखाली. दोन्ही अर्थांनी तालीमच ती.

शुद्धमती: तालीम अरबी आहे.

मातीतला: आणि पैलवान फारसी. कोल्हापुरात येऊन गंगावेस तालमीची पाटी बदलून दाखवा, मी वडापाव देतो.

दुपारचा_चहा: पण तालीम म्हणजे सराव. कोण कधी मारणार, कोण कसा पडणार हे आधी ठरवणं वेगळं. त्याला 'नुरा' म्हणावं?

मातीतला: नुरा म्हणजे फसवणूक! प्रेक्षकाला कुस्ती खरी आहे सांगून खोटी दाखवायची. सिनेमाने कधी खरी असल्याचं सांगितलं?

पाटपाणी: नाच बसवतात, नाटक बसवतात. 'मारामाऱ्या बसवल्या: युएन वू-पिंग' असं लिहा की. 1999 च्या 'मेट्रिक्स'मधल्याही त्यांनीच बसवल्यात. हाँगकाँगच्या श्रेयनामावलीतही 'युद्धकला मार्गदर्शन' अशा अर्थाचे शब्द असतात, नाचाचं नाव नाही.

शुद्धमती: बसवतात गणपती.

बोरकूट: आणि दर महिन्याचं बजेट. झोक्याबद्दल माझं कोणी वाचलं का?

कोपरापासून: मंडळी, उद्या सकाळी छापायला द्यायचंय.

सातबारा: आत्ताच आईला फोन केला. ती म्हणते, आजी 'झोकांड्या'च म्हणायची. झुकांडी आजोबा द्यायचे, वाण्याला, दर महिन्याच्या शेवटी. मामा मात्र अजून माझ्या बाजूने आहे.