आयुर्मान, उत्पन्न आणि रशियातील पुरुष

देशादेशांतील आयुर्मानाचा फरक हा मुळात उत्पन्नाचा आणि रुग्णालयांचा फरक आहे, हे मत गरीब देशांपुरते मला बव्हंशी मान्य आहे. स्वच्छ पाणी, लसीकरण आणि सुरक्षित बाळंतपण यांवरचा माफक खर्चही तिथे बालमृत्यू घटवून सरासरी झपाट्याने वर नेतो. मात्र अमेरिकी लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी १९७५ साली दाखवून दिल्याप्रमाणे उत्पन्न वाढत जाते तसा हा संबंध क्षीण होत जातो. दरडोई आरोग्यखर्चात सर्वांत पुढे असलेली अमेरिका आयुर्मानात जपानच्या कित्येक वर्षे मागे आहे.

या चर्चेत रशियाचा उल्लेख यायलाच हवा. १९८५ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम सुरू केली, उत्पादन घटवले, विक्रीच्या वेळा कमी केल्या, आणि दोन-तीन वर्षांतच पुरुषांचे आयुर्मान सुमारे ६२ वरून ६५ वर्षांच्या घरात गेले. पुढे मोहीम बारगळली, सोव्हिएत संघ कोसळला आणि १९९४ मध्ये तेच आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली आले. त्याच वर्षी स्त्रियांचे आयुर्मान मात्र सुमारे ७१ होते. देश तोच, इस्पितळे तीच, तरीही १३ वर्षांची दरी. याचा अर्थ प्रत्येक पुरुष अठ्ठावन्नाव्या वर्षी मरत होता असा नव्हे. हृदयविकार, अपघात, हिंसाचार आणि दारूची विषबाधा यांनी ऐन कर्तेपणाच्या वयातली माणसे ओढून नेली, म्हणून सरासरी इतकी खाली आली.