पोळपाट-लाटण्याचं बांगड्यांचं स्टँड कलंडतंय, बशा सुटताहेत: काय चुकतंय?

शहापूरकरीण
भंगारवाल्याकडून आणि आठवडी बाजारातून सामान जमवलंय: सागवानी पोळपाट (१० इंची), दोन लाटणी, काच नसलेली १२ × १८ इंची फोटोफ्रेम, चिनी मातीच्या तीन बशा, पितळी तबक आणि मागावरच्या, सूत गुंडाळायच्या आठ-दहा लाकडी कांड्या. यात २-६ मापाच्या चार डझन काचेच्या बांगड्या, कानातली आणि गळ्यातलं बसवायचं आहे. लाटण्याचं स्टँड बांगड्या घातल्या की कलंडतं. फेविकॉलने एकावर एक चिकटवलेल्या बशा दुसऱ्या दिवशी सुटतात. पावसाळ्यात चांदी काळी पडते ते वेगळंच. मापांसकट कुणी सांगाल का?

रंधा_निपाणी
ताई, स्टँड दोन कारणांनी कलंडतं: खांब उंच असतो आणि आडवं लाटणं पोळपाटाच्या काठाबाहेर जातं. एका बाजूच्या बांगड्या काढल्या की दुसरीकडचं वजन काठाबाहेर राहतं आणि तोल जातो.

२-६ म्हणजे २ इंच आणि ६/१६, आतला व्यास सुमारे ६० मिमी. ३५ मिमी जाड लाटण्यावर ती बांगडी खाली जेमतेम अडीच-तीन सेंमी लोंबते. म्हणून ७ सेंमी खांब पुरतो, वर बोटं घालायलाही जागा राहते. एका लाटण्याच्या मधल्या भागातून हा तुकडा कापा. दुसरं लाटणं दोन्हीकडून कापून २५ सेंमीचं करा. त्यात निमुळती टोकं निघून जातात, मग बांगड्या घसरतही नाहीत. ४ मिमी जाडीच्या दोन डझन बांगड्यांना साडेनऊ-दहा सेंमी लागतात, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन डझन नेमक्या बसतील.

खांबाच्या माथ्यावर गोल कानशीने खाच करा, लाटणं त्यात बसलं पाहिजे. सपाट माथ्यावर गोल लाटणं एका रेघेवरच टेकतं आणि फिरत राहतं. वरून अडीच इंची आणि पोळपाटाच्या खालून दोन इंची स्क्रू घाला. त्याआधी ३ मिमीचं भोक पाडायचंच, नाहीतर जुनं वाळलेलं लाकूड उभं चिरतं. खालच्या स्क्रूचं डोकं लाकडात बुडवा. सांध्यात फेविकॉल हवा, पण वापरलेल्या लाटण्यात तेल मुरलेलं असतं, त्यावर तो धरत नाही. आतलं कोरं लाकूड दिसेपर्यंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. चोवीस तास बांगड्या घालू नका.

बशी_खानापूर
बशांबद्दल. फेविकॉल त्यातलं पाणी लाकडात किंवा कागदात मुरून सुकतो. चिनी मातीची चकाकी पाणी घेतच नाही, त्यामुळे तो मधे ओलाच राहतो. इथे अराल्डाइट लागतं, म्हणजे दोन नळ्यांतलं एकत्र कालवून लावायचं इपॉक्सी. दोन्ही नळ्यांतून सारखंच घ्या. एकातलं कमी-जास्त झालं तर ते चिकटच राहतं, कधीच कडक होत नाही. बशीच्या बुडाला आणि दोन बशांच्या मधे ग्लास ठेवणार असाल तर त्याच्या काठाला पॉलिश पेपरने चकाकी मरेपर्यंत घासा, सोड्याच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. मग सांधा जुळवून चिकटपट्टीने आवळा आणि २४ तास हलवू नका. फेविक्विक मात्र टाळा: त्याची वाफ आसपास पांढुरकी बसते आणि धक्का लागला की सांधा तडकन सुटतो.

भोक पाडून मधून सळी घालायची असेल तर टाइल्सचं ६ मिमी बिट, हळू वेग, हॅमर बंद. बशीच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप, खाली लाकडाचा टेकू, थेंब-थेंब पाणी चालू. शेवटच्या क्षणी दाब कमी केला नाही तर खालून टवका उडतो. नटाखाली प्लास्टिकचा वायसर घाला आणि नट हातानेच आवळा.

धोटा_वडगाव
कांड्या फेकू नका अक्का, हारांना यापेक्षा चांगली खुंटी नाही. खिळ्यावर किंवा धारदार हुकावर माळ एकाच ठिकाणी दुमडते आणि तिथेच दोरा झिजतो; कांडी गोल असल्याने वजन पसरतं. फ्रेमच्या मागे ६ मिमी प्लायवूड लावून वरच्या बाजूला एका ओळीत कांड्या बसवा, ठुशीसारख्यांना २ इंच अंतर, चपलाहार-मोहनमाळेला ३. खुंटी किंचित वर तिरकी ठेवा. धोटा (मागावर कांडी घेऊन इकडून तिकडे धावतो तो) मिळाला तर तोही घ्या, त्याच्या पोकळीत अंगठ्या छान राहतात. दोन्ही टोकांची लोखंडी अणी मात्र कानशीने बोथट करा.

कानातल्यांसाठी जुनी पिठाची चाळणी फ्रेमहून बरी. लोंबत्या कानातल्यांचे हुक तिच्या जाळीत अडकवता येतात. कुड्यांना मात्र मागे फिरकी लावायला हात गेला पाहिजे, म्हणून चाळणी भिंतीपासून दोन इंच पुढे टांगा. किसणीचा वापर सगळीकडे दिसतो, पण तिचे दात मुलामा ओरखडतात. मला ती पसंत नाही.

शहापूरकरीण
आणि चांदी? मोती?

बशी_खानापूर
जून ते सप्टेंबर चांदी उघड्यावर टांगूच नये. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी ती काळी पडते आणि दमटपणात ते काम वेगाने होतं. रबर बँड आणि लोकरही तेच करतात. तबकात अस्तर घालायचं तर लोकरीचं फेल्ट नको. धुऊन रंग गेलेला सुती खण घ्या. पितळ चिंचेने घासल्यावर भरपूर पाण्याने धुवा, आंबट राहिलं तर हिरवं येतं. वाळल्यावर पारदर्शक लॅकरचे दोन पातळ हात द्या. चांदी पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की पुडीतून काढून ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन तास तापवले की परत चालतात.

मोत्यांची माळ टांगू नका, आडवीच ठेवा. टांगली की रेशमी दोरा ताणतो आणि मोत्यांमधे फटी पडतात. मोत्यांच्या डब्यात सिलिका जेलही नको, मोत्याला अगदी कोरडी हवा सोसत नाही.