सेटिंग सापडेना, सॉफ्टवेअर निघेना: डेस्कटॉप नक्की कोणाचा?

कीबोर्डकर

दर काही वर्षांनी डेस्कटॉप "नवा" होतो आणि आपण परत बालवाडीत. विंडोज ८ ने २०१२ मधे स्टार्ट बटणच उडवलं, लोकांनी बोंब मारली तेव्हा पुढच्या वर्षी ८.१ मधे बटण परत आलं, पण दाबलं की मेनू नाहीच, तोच टाइल्सवाला स्क्रीन! तेव्हाच सेटिंग्स नावाचं वेगळं बिऱ्हाड थाटलं, कंट्रोल पॅनेलमधलं सगळं हळूहळू तिकडे हलवणार म्हणे. एक तप उलटून गेलं, सामान अजून दोन्ही घरांत. साउंडचं जरा खोलातलं काही बदलायचं तर नव्या पानावरून "आणखी सेटिंग्स" दाबत दाबत शेवटी तीच जुनी छोटी खिडकी उघडते, आणि खरं सांगायचं तर काम तिथेच होतं. मग ११ आली २०२१ मधे, तिने टास्कबार खाली चिकटवून टाकला, वर किंवा बाजूला न्यायची सोय गायब, जी विंडोज ९५ पासून होती. राइट क्लिक केलं की अर्धाच मेनू, उरलेल्यासाठी अजून एक क्लिक. हे कोणी मागितलं होतं?

आणि सॉफ्टवेअरचं तर विचारूच नका. एक साधा पीडीएफ रीडर टाकला तर तो स्वतःचा अपडेटर आणतो, तो अपडेटर स्टार्टअपमधे जाऊन बसतो, कोपऱ्यात आयकॉन लावतो, वर ब्राउझरमधे काहीतरी घुसवू का विचारतो, आणि टिक आधीच केलेली असते. काढायला गेलं की "तुम्ही का जाताय" म्हणून फॉर्म. एवढं करून अ‍ॅपडेटामधे, म्हणजे सॉफ्टवेअरं आपला डेटा ठेवतात तिथे, फोल्डर तसाच, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्सच्या वहीत, नोंदी तशाच.

मशीन माझं आहे ना, मग बटण कुठे असावं आणि कुठलं सॉफ्टवेअर राहावं हे मी ठरवणार. एवढंच म्हणणं आहे.

स्टॅकट्रेस

बरंचसं चुकीच्या माणसावर ढकलताय तुम्ही. अनइन्स्टॉल दाबल्यावर बहुतेक वेळा विंडोज स्वतः काहीच काढत नाही, त्या सॉफ्टवेअरवाल्याने जी अनइन्स्टॉलर फाइल ठेवलेली असते ती फक्त चालवतं. तिने कचरा ठेवला तर दोष तिचा. एमएसआयएक्स नावाचा मायक्रोसॉफ्टचा सॉफ्टवेअर-पॅकेजचा प्रकार आहे ना, त्यात सगळं आपल्या चौकटीत राहतं आणि काढलं की जवळजवळ साफ जातं, पण कित्येक कंपन्या तिकडे वळल्याच नाहीत, कारण त्यांना तुमच्या स्टार्टअपमधे बसायचंच असतं.

राइट क्लिकचंही तसंच. झिपवाले, अँटिव्हायरसवाले, ग्राफिक्सवाले सगळे त्या मेनूत आपापला कोड घुसवायचे आणि तो फाइल-फोल्डर दाखवणाऱ्या एक्स्प्लोररच्याच प्रोसेसमधे चालायचा, एकाचा कोड अडकला की अख्खा मेनू अडकायचा. ते कुठेतरी थांबवायला हवंच होतं.

कीबोर्डकर

मेनू साफ केला ते ठीक, पण मला जुना हवा असेल तर सेटिंग्समधे एक बटण द्यायला काय जातं? आत्ता त्यासाठी रजिस्ट्रीत हात घालावा लागतो, म्हणजे कोड आत आहेच, फक्त दार आमच्यासाठी बंद.

रूट_वापरकर्ता

लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका, विषय संपला. डेबियन या लिनक्सच्या वितरणात (प्रकारात) सॉफ्टवेअर टाकायची-काढायची एपीटी ही सोय १९९० च्या दशकापासून आहे. एक कमांड, सगळं सॉफ्टवेअर अपडेट, एक कमांड, सॉफ्टवेअर गायब. ना फॉर्म, ना टिक, ना कोपऱ्यातले आयकॉन.

मिनिमाइझ

@रूट_वापरकर्ता आलात का! वाटच बघत होतो 😄 नोम ३ या लिनक्सवरच्या डेस्कटॉपने २०११ मधे मिनिमाइझचं बटण काढलं तेव्हा कुठे होतात? लोक इतके भडकले की जुनं नोम २ पुढे न्यायला माटे नावाचा डेस्कटॉप निघाला, लिनक्स सुरू करणारा खुद्द लिनस टोरवाल्ड्स जाहीर शिव्या घालून तेव्हा एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेला. "आम्हाला जास्त कळतं" हा रोग फुकटवाल्यांनाही आहेच.

आणि ती एक कमांड? उबुंटू २२.०४ या वितरणात एपीटीने फायरफॉक्स मागितला की गुपचूप स्नॅप, म्हणजे उबुंटूवाल्यांचं वेगळ्या प्रकारचं पॅकेज, येतो. मी एक मागितलं, मशीनने दुसरंच दिलं. हे विंडोजने केलं असतं तर तुम्हीच दहा प्रतिसाद लिहिले असते.

रूट_वापरकर्ता

स्नॅपचं मान्य, तो आगाऊपणाच आहे. पण फरक बघा ना, नोम नको तर माटे मिळालं, स्नॅप नको तर मिंट या वितरणाने २०२० मधेच तो बाय डिफॉल्ट अडवून ठेवला. तुमच्याकडे टास्कबार नको तर काय करता? धागा काढता.

मिनिमाइझ

हो, आणि तुम्ही वितरण बदलता. मग डेब, स्नॅप, फ्लॅटपॅक, अ‍ॅपइमेज या चार प्रकारच्या पॅकेजांपैकी कुठलं सॉफ्टवेअर कशातून टाकलं होतं ते आठवत बसता.

अर्धा_चावा

मॅकवाले हसतायत असं समजू नका. अ‍ॅप उचलायचं, ट्रॅशमधे टाकायचं, किती सुंदर! लायब्ररी फोल्डर उघडून बघा, सगळी पिलावळ तिथेच असते. आणि मॅकच्या व्हेंच्युरा आवृत्तीमधे २०२२ ला सिस्टिम प्रेफरन्सेस हे सेटिंग्सचं पान मोडून फोनसारखी लांबलचक यादी केली, तेव्हापासून मी नुसता सर्च करतो. माउसवाल्या माणसाला अंगठ्याचा इंटरफेस कशाला देतात कळत नाही.

पॅचवाला

मी ऑफिसची मशीन्स सांभाळतो, त्यामुळे "मी ठरवणार" ऐकलं की पोटात गोळा येतो. वॉनाक्राय, फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो व्हायरस, आठवतोय? मे २०१७. तो विंडोजच्या ज्या भोकातून घुसला त्याचा पॅच मार्चमधेच आला होता, दोन महिने आधी. पॅच टाकला होता त्यांची ती वाट बंद होती, ज्यांनी "नंतर करू" म्हटलं त्यातले कित्येक अडकले. लोकांच्या हातात ठेवलं की लोक अपडेट करत नाहीत हो, "उद्या आठवण कर" दाबत राहतात. सक्ती वाईट दिसते पण तिला कारण आहे. टास्कबारची हौस मला परवडत नाही.

कीबोर्डकर

@पॅचवाला सिक्युरिटी पॅच रोज टाका, मी हूं का चूं करणार नाही. पण त्याच पॅचच्या पाठीवर बसून विजेट, नवी आयकॉन्स, "शिफारस केलेली" अ‍ॅप्स का येतात? डेबियन स्टेबल वर्षानुवर्षं मुख्यतः भोकं बुजवतं, चेहरा बदलत नाही. म्हणजे करता येतं. विंडोजचीही एलटीएससी ही दीर्घकाळ फारशी न बदलणारी आवृत्ती आहेच ना, तीत असल्या भानगडी कमी, पण ती कंपन्यांसाठी. शांत डेस्कटॉप घाऊक गिऱ्हाइकाला, आणि आम्ही प्रयोगशाळेतले उंदीर. लोक "नंतर" का दाबतात याचंही उत्तर यातच आहे, रीस्टार्टनंतर काय हललेलं असेल याची धास्ती असते.

पॅचवाला

हा मुद्दा बरोबर आहे, फीचर आणि फिक्स वेगळे हवेत. सक्तीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

स्टॅकट्रेस

कचऱ्यापुरतं सांगतो. विंगेट ही मायक्रोसॉफ्टची सॉफ्टवेअर टाकायची-अपडेट करायची कमांड वापरा, विंडोज १० आणि ११ वर चालते. विंगेट अपग्रेड लिहून पुढे स्पेस, दोन डॅश आणि ऑल, त्याच्या यादीतलं बहुतेक सगळं एका फटक्यात अपडेट होतं. मग त्या अपडेटरांना टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधून बंद करून टाका.

कीबोर्डकर

बंद करतोच. पुढच्या व्हर्जनला परत चालू होऊन बसलेले असतात, त्याचं काय करू ते सांगा.

रूट_वापरकर्ता

सांगितलं की वर.

मिनिमाइझ

झालं सुरू परत 🙄