कूलंटच्या वासाकडे दुर्लक्ष नको

वर एकांनी लिहिलंय की हवेतल्या जिवाणूंचा धोका एसी ऑफिसवाल्यांना, कारखान्यात शेड उघडी असल्याने काळजी नाही. हे मला अजिबात पटत नाही. नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनच्या) शॉपमध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत. सुट्टीनंतर पहिल्या पाळीत मशीन सुरू केलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो जिवाणूंचाच. पंप बंद, कूलंट (धातू कापताना थंड ठेवायला सोडतात ते पाणी) साचलेलं, वर तेलाचा थर. खाली ऑक्सिजन पोचत नाही आणि बिनहवेचे जिवाणू माजतात. मग स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) फिरला की त्याच पाण्याचं धुकं होऊन आपल्या नाकात.

आणि जंतुनाशक ओतलं म्हणजे झालं असं नाही. काही जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष ते मेल्यावरही उरतं आणि फुफ्फुसाला त्रास देतं. ड्यूटीनंतर काही तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप, आणि सुट्टीत बरं वाटणं, असं वारंवार होत असेल तर ती ॲलर्जीची न्यूमोनायटिस (फुफ्फुसाची सूज) असू शकते. डॉक्टरांना आपलं काम काय आहे ते आवर्जून सांगा, नाहीतर साधा दमा समजून औषधं चालू राहतात. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेने १९९८ मध्येच या धुक्यासाठी घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली होती.

स्किमरने (वरचं तेल ओढून घेणाऱ्या उपकरणाने) तेल रोज काढा, मशीनची दारं लावूनच चालवा. कूलंट बदलताना टाकी घासून धुवा, नुसतं नवीन ओतू नका. आणि चहाचा ग्लास मशीनवर ठेवू नका रे.