नोकरी गेली, गाव सुटते आहे. प्रार्थना करूनही शांती का मिळत नाही?

प्रश्न (विणकर, सोलापूर)

सर्वांना सलाम. माझे वय ५३. टॉवेलच्या एका कारखान्यात मी २६ वर्षे हिशेबाचे काम केले. दिवाळीनंतर तो कारखाना बंद पडला आणि आमच्या ग्रॅच्युइटीचा निकाल अजूनही लागलेला नाही. मुलगा चिंचवडला नोकरीस आहे. सोलापूरचे घर भाड्याने द्यावे आणि मी, पत्नी व माझी ७९ वर्षांची आई अशा तिघांनी जूनअखेर त्याच्याकडे राहायला यावे, असे त्याचे म्हणणे आहे. ते योग्यच आहे हे मला कळते. तरीही रोज पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते आणि उजाडेपर्यंत मी छताकडे पाहत पडून राहतो.

मी ख्रिस्ती मंडळीतच लहानाचा मोठा झालो आणि अनेक वर्षे शब्बाथशाळेत (मंडळीच्या बायबल-वर्गात) शिकवले. सर्व बुद्धिसामर्थ्यापलीकडच्या शांतीचे वचन मी कितीतरी आजारी माणसांच्या उशाशी बसून वाचले आहे. आज तेच वचन माझ्याने वाचवत नाही. एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले, "विश्वास असता तर झोप लागली असती." ते बोलणे मनात रुतून बसले आहे. माझा विश्वास खरोखरच कमी पडतो आहे का? आणि अशा काळात ज्यांना शांती मिळाली, त्यांनी नेमके काय केले?

उत्तर १ (एक पाळक)

भाऊ, सलाम. त्या सभासदांचे म्हणणे शास्त्राला धरून नाही, हे मी आधी स्पष्टपणे लिहितो. "मी तुम्हांला शांती देऊन ठेवतो," असे प्रभू येशू शिष्यांना ज्या रात्री म्हणाला, त्याच रात्री काही वेळाने गेथशेमाने बागेत तो स्वतः इतका व्याकूळ झाला की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, असे लूक लिहितो. शांती देणारा आणि व्याकूळ झालेला एकच, आणि रात्रही तीच. तेव्हा छाती धडधडते म्हणजे विश्वास संपला, असा हिशेब कृपया मांडू नका. आपण जे वचन आजाऱ्यांना वाचून दाखवलेत, ते प्रेषित पौलानेही बंदिवासात असतानाच फिलिप्पैच्या मंडळीला लिहिले आणि त्यात आधी मागणी करायला सांगितली आहे. तक्रार हीसुद्धा मागणीच असते. तेरावे स्तोत्र "किती काळ?" या प्रश्नानेच सुरू होते आणि तोच प्रश्न दोन ओव्यांत चार वेळा येतो.

दुसरे म्हणजे, बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील "हिताचे संकल्प" हे वचन आपण भेटकार्डांवर छापतो. पण ते ज्या पत्रात आहे, ते आपले गाव सुटून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान म्हणून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेले आहे, हे आपल्या ध्यानात राहत नाही. त्याच पत्रात परत येण्यास ७० वर्षे लागतील असे सांगितले आहे, म्हणजे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. मग त्यांनी करायचे काय? घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. मराठीत "हित" म्हणून आलेला मूळ इब्री शब्द "शालोम" आहे, आणि शांतीसाठीही तोच शब्द वापरतात. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांची शांती बाबेलातल्या मळ्याच्या कामात होती, म्हणून आपण चिंचवडला जाण्याआधीच तेथील एखाद्या मराठी मंडळीचा पत्ता काढावा, आपल्या पाळकांकडून सभासदत्वाचे पत्र घ्यावे आणि पहिल्याच रविवारी उपासनेला जाऊन बसावे.

उत्तर २ (निवृत्त शिक्षिका, पुणे)

पाळकसाहेबांचे म्हणणे मला मान्य आहे, पण माझा अनुभव थोडा वेगळा आहे. यजमान गेल्यावर मी सोलापूरच्या रेल्वे लाइन्स भागातील घर सोडून मुलीकडे पुण्याला आले. पहिले सहा महिने मला एकही अध्याय वाचवला नाही; शब्द डोळ्यांसमोरून जात, आत काही उतरत नसे. त्या काळात मला फक्त गाता येत होते. लहानपणापासून पाठ असलेली रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते मी भाकरी थापताना हळू आवाजात म्हणत असे, कारण पाठ असलेल्या गीताला मनाची तयारी लागत नाही. परातीत पीठ आणि ओठांवर गीत, एवढीच माझी उपासना होती.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरणही मला धीर देई. पतीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पायांखालची जमीनच सरकली, आणि त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधली पाच वर्षे त्यांना कोणी गाळायला सांगितली नाहीत. आपल्यालाही जूनअखेरपर्यंत मन स्थिर झालेच पाहिजे, अशी मुदत कोणी घातलेली नाही.

एक विनंती आहे. आईंना विचारा. आम्ही मुले वडीलधाऱ्यांचे सामान बांधतो, पण त्यांना काय सोबत हवे, हे विचारायचे राहून जाते.

उत्तर ३ (रात्रपाळी)

मी परिचारिका आहे आणि ख्रिस्ती आहे. झोप दोन आठवड्यांहून अधिक काळ अशी मोडत असेल आणि छातीत धडधडत असेल, तर प्रार्थनेबरोबरच डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, साखर आणि थायरॉईडची तपासणी करून घ्या. मनावरचा भार असह्य वाटला, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. बायबलमधील एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि परत उठवून खाऊ घातले. देवाशी त्याचे बोलणे झाले ते त्यानंतर, होरेबाच्या डोंगरावर.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (विणकर, सोलापूर)

आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. शिक्षिकाबाईंचे वाचून काल पहाटे तीनला मी उठून आईच्या खोलीत गेलो. ती जागीच होती. खाटेवर बसून ती वडिलांनी आणलेल्या जुन्या जेकार्ड चादरीची घडी घालत होती, उलगडत होती आणि पुन्हा घालत होती. मी विचारल्यावर म्हणाली, "ही चादर आणि माझे गीतांचे पुस्तक तेवढे घे, बाकी भाडेकरूला राहू दे." इतके दिवस भिंतीपलीकडे तीही माझ्यासारखीच जागत होती, हे मला ठाऊकच नव्हते. मग मी तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचले. चौथ्या "किती काळ" पाशी माझा आवाज भरून आला, तेव्हा पुढच्या ओव्या तिने पाठ म्हणून पूर्ण केल्या.

झोप नंतरही लागली नाही, परंतु उजाडेपर्यंत आम्ही दोघे बोलत बसलो. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचे ठरवले आहे आणि आमच्या मंडळीच्या पाळकांकडे तिघांच्या सभासदत्वाच्या पत्रासाठी आजच अर्ज दिला.